काना-मात्रा अक्षर नाही काय?

वारसाहक्काच्या एका दाव्यातील मराठी कागद मी संगणकावर टाइप करून ठेवले होते. कोणाचे नाव कोणत्या पानावर आले आहे, याची यादी हवी होती. वस्तीतला अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी म्हणाला, ‘काका, पायथॉनमध्ये दहा ओळींचं काम आहे.’ संध्याकाळी त्याने यादी आणून दिली. तीत ‘भीमराव’ हे नाव कुठेच नव्हते. त्याऐवजी ‘भ’, ‘मर’ आणि ‘व’ असे तीन तुकडे होते. ‘समता’ या शब्दाचा काना गळून ‘समत’ उरले होते. पोरगा ओशाळून म्हणाला, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल.’

हा लेख मी त्या वाक्यासाठी लिहितो आहे. त्याचे काहीही चुकले नव्हते. त्याच दहा ओळींना इंग्रजी मजकूर दिला तेव्हा एकही शब्द तुटला नाही.

पायथॉन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा. नेदरलँड्समधील गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली जगासमोर आणली. ती मुक्त स्रोत आहे, म्हणजे तिची आतली रचना कोणीही वाचावी, वापरावी आणि तिच्यातील दोष दाखवावा. आपल्याकडे मात्र ‘मुक्त’चा अर्थ ‘फुकट’ एवढाच घेतला जातो. वापरण्याचा अधिकार आपण घेतो, दोष दाखवण्याचा सोडून देतो.

आता दोष काय तो पाहू. मजकुरातून शब्द वेचण्यासाठी पायथॉनमध्ये ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ अशी एक खूण आहे. शब्दात बसणारे चिन्ह कोणते आणि न बसणारे कोणते, हे ती ठरवते. त्यासाठी ती युनिकोडमधील वर्गवारी पाहते. युनिकोडने ‘भ’ला अक्षराच्या वर्गात ठेवले आहे. वेलांटी, काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह यांचा वर्ग वेगळा, ‘जोडचिन्हां’चा. पायथॉनची खूण अक्षरे आणि अंक आत घेते, जोडचिन्हांना दारातच अडवते. मग जिथे काना येतो तिथे शब्द संपला असे ती समजते. ‘बुद्ध’ लिहा, हाती ‘ब’, ‘द’, ‘ध’ येतात.

फ्रेंच भाषेतही अक्षरावर टिंबे-रेघा असतात, त्यांचे असे हाल का होत नाहीत? कारण रेघेसह असलेल्या त्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळालेला आहे आणि तो अक्षरांच्या वर्गात आहे. आपल्या ‘भी’ला तसा क्रमांक नाही. तो ‘भ’ आणि वेलांटी मिळूनच होतो. तमिळ आणि बंगाली लिहिणाऱ्यांचीही हीच अडचण. कोणी मुद्दाम डावलले असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणाची लिपी होती, हे परिणामावरून दिसते.

हा दोष आजचा नाही. देवनागरी शब्दांचे तुकडे होतात ही तक्रार पायथॉनच्या दोषनोंदीत २००७ सालीच दाखल झाली. ऑगस्ट २०११ मध्ये आणखी एकाने सविस्तर दाखवून दिले की, युनिकोडची स्वतःची शिफारस जोडचिन्हांना शब्दात धरावे अशी असताना पायथॉन ती पाळत नाही. पर्ल ही दुसरी मुक्त भाषा ती पाळते. म्हणजे हे तंत्राला अशक्य होते, असे म्हणण्याची सोय नाही.

सगळ्यात मोठा पुरावा तर पायथॉनच्या घरातच आहे. डिसेंबर २००८ च्या पायथॉन ३.० पासून कार्यक्रमातील नावे देवनागरीत देता येतात. ‘समता’ हे चल राशीचे नाव म्हणून ती बिनतक्रार स्वीकारते. त्याच ‘समता’बद्दल तिला विचारा, ‘यात सगळी अक्षरेच आहेत ना?’ उत्तर येते, ‘नाही.’ एकाच साक्षीदाराने एकाच दिवशी दिलेले हे दोन जबाब. उलटतपासणीत असा साक्षीदार मी सोडला नसता.

तक्रारीचे पुढे काय झाले, हे वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखे आहे. पायथॉन ३ च्या दस्तऐवजात पूर्वी असे लिहिलेले असे की, ही खूण कोणत्याही भाषेतील शब्दात येऊ शकणारी बहुतेक चिन्हे ओळखते. मराठीपुरते ते खोटे होते. पुढे ते वाक्य बदलून अचूक केले गेले आणि कोणत्या अंतर्गत नियमाने निवड होते ते सांगितले गेले. म्हणजे कायद्याचे शब्द व्यवहाराशी जुळवले, व्यवहार तसाच राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीतही ‘समता’चा काना बाहेरच आहे. अक्षरे तपासणाऱ्या आज्ञेखाली एक टीप आहे की, इथला ‘अक्षर’ शब्दाचा अर्थ युनिकोडच्या व्याख्येहून वेगळा आहे. हा कबुलीजबाबच म्हणायचा. पण ‘समता’ला नकार मिळेल, हे त्या टिपेवरून मराठी विद्यार्थ्याला कसे कळावे?

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ही भाषा सांभाळणारे बरेचसे लोक स्वयंसेवक आहेत. जुन्या नियमावर जगभर असंख्य कार्यक्रम उभे आहेत, तो एका रात्रीत बदलला तर त्यातले काही कोसळतील. ही भीती खरी आहे. मात्र दस्तऐवजात दोन ओळींचे उदाहरण घातल्याने काहीही कोसळत नाही. म्हणून आपल्या मुलांनी आधी तिथे हात घालावा, असे माझे मत आहे.

तक्रार म्हणजे कोणापुढे पदर पसरणे नव्हे आणि भांडणही नव्हे. एप्रिल २०२२ पासून पायथॉनची दोषनोंद गिटहबवर आहे. ती सर्वांना खुली आहे, पदवी विचारत नाही. आधी जुनी तक्रार शोधावी. असेल तर नवी न टाकता तिच्यातच आपला पुरावा जोडावा, दुबार तक्रारी बंद होतात. कोणती आवृत्ती वापरली, कमीत कमी ओळींत दोष कसा दिसतो, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय आले, एवढे चार मुद्दे पुरतात. फिर्यादीतही आपण दुसरे काय लिहितो? दस्तऐवजाबद्दल तक्रार असेल तर खटकणारे वाक्य द्यावे आणि त्याजागी कोणते हवे तेही लिहून द्यावे. नुसते ‘हे चूक आहे’ म्हणणाऱ्याचा अर्ज कोर्टातही पडून राहतो.

इंग्रजीची भीती हा आपल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा खरा अडसर. पण इथे साहित्यिक इंग्रजी लागत नाही. चार साधी वाक्ये आणि दोन ओळींचा कार्यक्रम हीच तक्रार. मोडका शब्द पडद्यावर दिसतो, त्याला भाषांतर लागत नाही.

माझी यादी शेवटी झाली. ‘रेगेक्स’ नावाचे, पायथॉनला वरून जोडण्याचे एक वेगळे साधन आहे, ते जोडचिन्हे शब्दात धरते. ते वापरल्यावर ‘भीमराव’ अखंड आला. पोरगा म्हणाला, ‘झालं की काम.’ मी त्याला खाली बसवले. साधन सापडलेल्याचे काम झाले, न सापडलेल्याचे काय? रविवारी त्याने ‘समता’चे उदाहरण घेऊन मसुदा लिहून आणला. आवृत्तीचा क्रमांक तेवढा राहिला होता. तो घालायला मी त्याला परत पाठवला आहे.