रोमन नागरिक आणि स्लायगोची कुळे

लॉर्ड पामर्स्टनविषयी (१७८४–१८६५) लिहिताना बुर्झ्वा इतिहासकार एक सोयीस्कर विभागणी करतात. ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री व पुढे पंतप्रधान झालेला, राष्ट्रांच्या स्वातंत्र्याचा कैवारी म्हणविणारा पामर्स्टन एकीकडे. आयर्लंडमधील स्लायगो परगण्यात हजारो एकर जमिनीचा धनी असलेला पामर्स्टन दुसरीकडे. पहिल्यावर ग्रंथ लिहिले जातात, दुसऱ्याची बोळवण तळटीपेत होते. ही विभागणी किती खोटी आहे हे दाखविण्यास १८४७ हे एकच साल पुरेसे आहे.

त्या साली अथेन्समध्ये जमावाने डॉन पॅसिफिको नावाच्या व्यापाऱ्याचे घर लुटले. जिब्राल्टरमधील जन्माच्या आधारावर तो ब्रिटिश प्रजाजन म्हणवीत असे. त्याच्या फुगविलेल्या भरपाईच्या मागणीसाठी पामर्स्टनने १८५० च्या जानेवारीत आरमाराकरवी पिरेअस बंदराची नाकेबंदी केली. जूनमध्ये त्याने पार्लमेंटात घोषणा केली की, रोमन नागरिकाला जसे रोमचे, तसे ब्रिटिश प्रजाजनाला जगात कोठेही इंग्लंडचे संरक्षण मिळेल. उदारमतवादी धन्य झाले!

१८०१ पासून आयर्लंड ब्रिटनला जोडलेला होता; म्हणजे स्लायगोची कुळेही ब्रिटिश प्रजाजनच होती. दुष्काळाने गांजलेली अशी सुमारे २,००० माणसे पामर्स्टनच्या कारभाऱ्यांनी १८४७ मध्ये जहाजांत भरून कॅनडाकडे रवाना केली. ऑक्टोबरअखेर 'लॉर्ड ॲशबर्टन' हे जहाज क्वेबेकला पोहोचले, तेव्हा ४७७ उतारूंपैकी १०७ वाटेतच ताप व हगवणीने मेले होते. पामर्स्टनची १७४ कुळे जवळजवळ उघडी होती. त्यांपैकी ८७ जणांना दानाचे कपडे दिल्यावाचून जहाजावरून उतरविणेही शक्य नव्हते. सेंट जॉन शहराच्या नगरसभेला तर, कडक हिवाळ्याच्या तोंडावर अशी माणसे पाठविल्याबद्दल ह्या मंत्र्याचा नावानिशी निषेध करावा लागला.

समर्थक म्हणतात, त्याने भाडे स्वतःच्या पदरचे भरले, कुळे राजीखुशीने गेली. उपाशी माणसाच्या राजीखुशीची किंमत कष्टकऱ्यांना सांगावयास नको. आणि भाड्याचे गणितही साधे आहे. ४ पौंड वा त्याहून कमी आकारणीच्या तुकड्यावरील संपूर्ण गरीब-कर १८४३ पासून जमीनदारावर होता, आणि १८४७ च्या कायद्याने दुष्काळग्रस्तांना पोसण्याचा भार ह्याच स्थानिक करावर टाकला. कुळ गावात जगविण्यापेक्षा एकवेळचे जहाजभाडे स्वस्त पडत होते. ह्याला परोपकार म्हणणे ही हिशेबाची थट्टा आहे.

अथेन्सला आरमार गेले आणि क्वेबेकला नग्न कुळे गेली, ह्यात विसंगती नाही. संरक्षण मिळाले ते मालमत्तेला. प्रजाजन हे केवळ तिचे नाव होते. अफूच्या व्यापारासाठी चीनवर लादलेल्या पहिल्या युद्धाच्या वेळी हाच परराष्ट्रमंत्री होता; दुसऱ्याच्या वेळी हाच पंतप्रधान होता. मार्क्सने १८५३ मध्येच लेखमाला लिहून त्याच्या उदारमतवादाचा मुखवटा ओढला होता.

पंतप्रधान असताना पामर्स्टनने स्वतःच खुलासा केला: कुळाचा हक्क म्हणजे जमीनदारावरील अन्याय. ह्यापेक्षा प्रामाणिक वाक्य तो क्वचितच बोलला असेल. त्याला उत्तर आयरिश कुळांनी १८७९ मध्ये दिले. त्यांनी लँड लीग उभारली आणि जमीनदाराच्या दयेची वाट पाहणे सोडून दिले.