डोसा खाणाऱ्याचा हिशोब, डोसा करणारीचा हिशोब



दापोडीत आमच्या गटाची बैठक होती. विषय ठरला होता रेशनचा, पण बोलणं गेलं व्याजाकडे. एका मावशींनी नवऱ्याच्या पश्चात मिळालेले पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले आहेत. पावतीची मुदत संपली, नवी पावती झाली आणि व्याज कमी झालं. त्या हवालदिल होऊन सांगत होत्या. शेजारी बसलेली, स्टेशनजवळ इडली-डोशाची हातगाडी लावणारी मैत्रीण म्हणाली, "मावशी, तुमचं व्याज कमी झालं. मग माझ्या कर्जाचं का नाही झालं?"

बैठकीत कुणालाच लगेच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. म्हणून हे संपादकीय.

रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने थोड्या मुदतीचं कर्ज देते, त्याला रेपो दर म्हणतात. २०२५ सालात हा दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला गेला. तो उतरला की ठेवींचं व्याज उतरतं आणि कर्जंही स्वस्त व्हावीत अशी अपेक्षा असते. मावशींच्या बाबतीत पहिली गोष्ट घडली. डोसेवालीच्या बाबतीत दुसरी घडली नाही.

मावशींसारख्यांना उत्तर म्हणून एका गव्हर्नरांनी एक हिशोब मांडला होता. जानेवारी २०१६ मध्ये रघुराम राजन यांनी दिल्लीत चिंतामणराव देशमुख यांच्या नावाने होणारं व्याख्यान दिलं. देशमुख म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे आपले सी. डी. राजन म्हणाले ते थोडक्यात असं : एका पेन्शनरकडे लाख रुपये आहेत आणि डोसा ५० रुपयांना आहे. आज तो २,००० डोसे घेऊ शकतो. व्याज १० टक्के आणि महागाईही १० टक्के असेल, तर वर्षाने त्याच्याकडे १ लाख १० हजार होतात, पण डोसा ५५ रुपयांचा होतो. डोसे तेच २,०००. उलट व्याज ८ टक्के आणि महागाई साडेपाच टक्के असेल, तर १ लाख ८ हजारांत सुमारे २,०४७ डोसे येतात. म्हणजे व्याज कमी दिसलं तरी माणूस फायद्यात राहतो.

हिशोब चोख आहे. मी तो मावशींना कागदावर मांडून दाखवला, त्यांनाही पटला. महागाई आवरली पाहिजे याबद्दल आपलं दुमत असायचं कारणच नाही. भाव वाढले की पहिल्यांदा आपलं वरण पातळ होतं, आणि घरात शेवटी जेवणारीच्या ताटात ते आणखी पातळ होतं.

पण या हिशोबात डोसा खाणारा आहे, करणारी नाही. त्याच सुमारास कोचीत एका कार्यक्रमात राजन डोसा करणाऱ्याबद्दलही बोलले. डोसा महाग का होतो? तर तवा जुनाच आहे, करण्याची रीत तीच आहे, आणि करणाऱ्याची मजुरी मात्र वाढत जाते. हे हॉटेलातल्या नोकराबद्दल खरं असेल. आमच्या मैत्रिणीची मजुरी कोण वाढवणार? ती स्वतःच मालकीण, स्वतःच मजूर. तिचं गिऱ्हाईक म्हणजे सकाळी लोकलने, बसने भोसरी-चाकणकडे कामाला जाणारी कंत्राटी पोरं. त्यांचा पगार वाढत नाही, म्हणून ती पाच रुपये वाढवायलाही बिचकते. मग ती डोसा लहान करते, पहाटे तासभर आधी उठते, मुलीला मदतीला घेते. तिच्या घरची महागाई अशी तिच्या श्रमातून भरून निघते, आणि त्या श्रमाला कुठल्याही निर्देशांकात जागा नाही.

डाळ-तेलाचे भावही सरासरीने चालत नाहीत. त्या व्याख्यानाच्या तीनच महिने आधी तूरडाळ २०० रुपये किलोवर गेली होती. आपण खातो त्यातलं निम्म्याहून अधिक तेल बाहेरच्या देशांतून येतं. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, तेव्हा त्याची धग दापोडीतल्या कढईपर्यंत आली. रेपो दर वाढवून डाळ पिकत नाही आणि तेलाचं जहाजही लवकर येत नाही.

जागतिकीकरण म्हणतात ते हेच. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नांकी यांनी बाजारात पैसा ओतणं कमी करू, असं नुसतं सूचित केलं. तेव्हा डॉलर ५५ रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टअखेर तो ६८ च्या पुढे गेला. सप्टेंबरमध्ये राजन गव्हर्नर झाले आणि जानेवारी २०१४ पर्यंत त्यांनी रेपो दर तीनदा वाढवून ८ टक्क्यांवर नेला. श्रीमंत देश आपल्यापुरतं पाहतात, त्याची झळ इतरांना बसते, त्यांनी इतरांचाही विचार करायला हवा, असं त्यांनी तेव्हा जाहीरपणे सुनावलं. योग्यच केलं. मग आमचंही तेवढंच म्हणणं आहे : वॉशिंग्टनने मुंबईचा विचार करावा, तसा मुंबईनेही दापोडीचा करावा.

आता डोसेवालीच्या प्रश्नाचं उत्तर. तिचं कर्ज बँकेचं नाही, गटाने कर्ज देणाऱ्या एका कंपनीचं आहे, आणि व्याज वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या घरात. मार्च २०२२ च्या नियमांनी अशा कर्जांवरची व्याजाची मर्यादा काढून घेतली. दर अवाजवी नसावा एवढी अट ठेवून तो ठरवणं कंपन्यांवर सोपवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने अवाजवी व्याजाबद्दल चार कंपन्यांना नवी कर्जं द्यायला बंदी केली. म्हणजे तिला हे दिसतं. मग कारवाई तेवढ्यावरच का थांबावी? रेपो दर उतरला की गटकर्जाचा दर किती दिवसांत आणि किती उतरला, हे प्रत्येक कंपनीने हप्त्याच्या बैठकीत मराठीत लिहून लावावं, अशी सक्ती का नसावी? आणि डाळ-तेल रेशनवर नियमित मिळावं, ही आपली जुनी मागणी महागाई रोखण्याचंच धोरण आहे, दान नाही.

१९३५ पासून रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी एकही बाई बसलेली नाही. बसली म्हणून डाळ स्वस्त होईल असंही नाही. पण हिशोब मांडताना डोसा कोण करतं, हा प्रश्न तिथे कुणीतरी विचारायला हवा.

तोवर आपण विचारू. आमच्या गटाने एक भाव-वही सुरू केली आहे. डाळ, तेल, तांदूळ, गॅस, भाडं अशा दहा गोष्टींचे भाव दर महिन्याच्या पाच तारखेला लिहायचे, आणि शेजारी कर्जाच्या व्याजाचा दर. पहिलं पान डोसेवालीनेच भरलं. तुमच्या गटातही अशी वही घाला आणि तीन महिन्यांची पानं आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात ती छापू, आणि एक प्रत रिझर्व्ह बँकेलाही धाडू.

तुमच्या पत्रांची वाट पाहते आहे.