सुपाएवढे कान

होस्टेलच्या गणपतीत आरतीला कोण आलं नाही याची यादी न लिहिताच तयार होते. 'तो ना? नास्तिक आहे!' झालं, निकाल लागला.

माझा मावसभाऊ स्वमग्न आहे, म्हणजे ऑटिस्टिक. घरी झांजा सुरू झाल्या की तो कान दाबून गॅलरीत पळतो. नातेवाईक म्हणतात, 'त्याला देवाचं काय कळतंय!' पण सगळे प्रसादाकडे वळले की हा हळूच येतो आणि २१ दूर्वा मोजून वाहतो. एक कमी पडली तर घर डोक्यावर घेतो.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञही या वाटेने गेले होते. २०१२ साली आरा नोरेनझायन आणि सहकाऱ्यांनी कॅनडा-अमेरिकेतल्या अभ्यासांवरून असं मांडलं : देव मानायचा म्हणजे त्याला मन आहे असं धरायचं, दुसऱ्याचं मन ओळखणं ज्याला अवघड, त्याला देव मानणंही अवघड. लॉजिक आपल्याला झटकन पटेल असं! पण २०१७ मध्ये झालेल्या मोठ्या तपासणीत मन ओळखण्याच्या कौशल्यावरून आस्तिक-नास्तिक वेगळे निघेनात. लहानपणी मोठ्यांना श्रद्धेप्रमाणे वागताना पाहिलं होतं का, याचा संबंध मात्र दिसला. विशेष म्हणजे २०१२च्या संशोधकांपैकी एकजण या तपासणीतही होता. आपलंच गृहीतक पुन्हा तपासायचं, याला म्हणतात सायन्स.

स्वीडनच्या इंगेला विसुरी तर थेट स्वमग्न तरुणांशीच बोलल्या. माणसांशी बोलताना चेहरा, नजर, हावभाव सगळं एकदम वाचावं लागतं. अदृश्य देवाशी बोलताना ती कटकटच नाही! अमेरिकेतल्या प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन स्वतः स्वमग्न. त्यांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात श्रद्धेवर एक प्रकरणच लिहिलंय. त्यांची वाट विज्ञानातून जाते.

म्हणजे स्वमग्न माणूस आस्तिक असेल, नास्तिकही असेल, अगदी तुमच्या-माझ्यासारखा. ते ठरवायचं त्यानं. आवाज सहन न होणं हा कानांचा प्रश्न आहे, त्यावरून श्रद्धेचे मार्क देणारे आपण कोण?

यंदा एवढंच करूया. आरतीनंतर अर्धा तास स्पीकर बंद, मंडप उघडा. ज्याला यायचंय तो येईल, नाही आला तरी 'का रे?' विचारायचं नाही. बाप्पाचे कान सुपाएवढे आहेत, त्याला सगळं ओरडूनच सांगावं लागतं असं थोडंच आहे?