आधी माणसे, मग माल

कापडाच्या गोदामात बंद शटरमागून धूर येऊ लागला की जाणता हमाल मालकाला घाईने शटर उघडू देत नाही. गाठी आत धुमसत असतात. हवा मिळाली की भडका. विमानाच्या पोटातला मालही आपणा व्यापाऱ्यांचाच असतो, म्हणून हा विषय या पानावर.

१९ ऑगस्ट १९८० रोजी सौदियाचे ट्रायस्टार विमान रियाधहून जेद्दाकडे उडाले. सुमारे सात मिनिटांत मागच्या मालकक्षात धूर असल्याचा इशारा आला. तो खरा की खोटा, हे पाहण्यात चार मिनिटांहून अधिक वेळ गेला. तरीही विमान परतले, सुखरूप उतरले. माणसे इथे वाचायला हवी होती! पण विमान धावपट्टीवर न थांबता टॅक्सीमार्गावर गेले. उभे राहायलाच २ मिनिटे ४० सेकंद लागली. त्यानंतरही इंजिने ३ मिनिटे १५ सेकंद चालू होती, त्यामुळे बचाव पथकाला दारापाशी जाता येईना. इंजिने बंद झाल्यावर दार उघडायला आणखी सुमारे २३ मिनिटे गेली. ३०१ पैकी एकही जण वाचला नाही. जमिनीवर, अग्निशमन गाड्यांच्या देखत!

आग कशाने लागली, हे तपासात नक्की झाले नाही. आमच्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. खरी गफलत वेळेची.

आमचे काही बंधू म्हणतात, खोटे इशारे फार येतात, माल अडकतो. धुळीने, भाजीपाल्याच्या ओलाव्याने असे होते खरे. तरी जमिनीवर इशारा आला की विमान थांबवावे, इंजिने बंद करावीत, माणसे उतरवावीत. मालकक्षाचे दार शेवटचा प्रवासी उतरेपर्यंत आणि बंबवाले पाण्याच्या पाइपसह तयार होईपर्यंत उघडू नये. एक खेप उशिरा पोहोचली तर गिऱ्हाईक रागावेल, इतकेच.

आणि आपला कागद? ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत फ्लोरिडामध्ये व्हॅल्यूजेटचे विमान कोसळून ११० जण गेले. मालात प्राणवायू तयार करणारी उपकरणे होती, आणि कागदावर ती रिकामी म्हणून नोंदली होती. लिथियम-आयन बॅटऱ्यांचा सुटा माल १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून नेण्यास बंदी आहे. तरी 'तयार कपडे' लिहून खोक्यात चार पॉवर बँका सरकवणारे आम्ही पाहिले आहेत. बंबवाला आत काय आहे ते त्याच कागदावरून ओळखतो. एजंट म्हणाला, "शेठ, चालून जाते," तर आम्ही ते खोके तिथल्या तिथे उतरवून घेतो.