‘हार्ट अटॅक लिहून द्या’ असे म्हणू नका

“डॉक्टर, तुम्ही त्याला लहानपणापासून ओळखता. हार्ट अटॅक लिहून द्या. आता पोराला कापायला नका लावू.”

थंडीच्या दिवसांत एका सकाळी एका कुटुंबातल्या काकांनी माझे हात धरून हे सांगितले. मुलगा चोवीस वर्षांचा. आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही. दार तोडले तेव्हा संपलेला होता. ना बीपी, ना शुगर, ना कुठले व्यसन. मी सर्टिफिकेट दिले नाही, पोलिसांना कळवायला सांगितले. घरातले माझ्याशी बोलेनासे झाले.

शवविच्छेदनात कारण सापडले. बंद बाथरूममधला गॅस गीझर. हवा खेळती नसेल तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. माणसाला गरगरते, मळमळते आणि दाराची कडी काढण्याआधीच तो कोसळतो. त्याच बाथरूममध्ये दुसऱ्या दिवशी त्याची धाकटी बहीण आंघोळीला जाणार होती. मी ‘हार्ट अटॅक’ लिहिले असते, तर तो गीझर तिथेच राहिला असता.

म्हणून स्पष्ट लिहितो. अनैसर्गिक मृत्यू झाकणे म्हणजे घराची अब्रू राखणे नव्हे. ज्या कारणाने एक गेला, ते कारण घरात तसेच ठेवून घेणे आहे.

रजिस्टर काय सांगते?

एमडी करताना सरकारी रुग्णालयात आमच्या वॉर्डातून आणि कॅज्युअल्टीतून शवागाराकडे गेलेल्यांचा पाठपुरावा करावा लागे. तिथले पोस्टमॉर्टेमचे रजिस्टर चाळले की नावे बदलत, गोष्टी बदलत नसत. दुचाकीवरून पडून डोक्याला मार. विषबाधा. गळफास. भाजणे. बुडणे. पावसाळ्यात सर्पदंश आणि विजेचा धक्का. बहुतेक पुरुष, आणि तेही वीस ते चाळिशीतले, म्हणजे घर चालवणारे. भाजलेल्यांत मात्र तरुण बायका जास्त. देशातल्या बहुतेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसते.

आता मला सांगा, दरवर्षी त्याच वयाची माणसे त्याच तऱ्हेने मरत असतील, तर त्याला ‘नशीब’ कसे म्हणायचे? डेंग्यूचे चार पेशंट एका गल्लीत सापडले तर आपण डबकी शोधतो. मग एकाच वळणावर चार दुचाकीस्वार गेले तर “वेळ आली होती” म्हणून गप्प का बसतो?

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचे आहे. तरी पुढच्याच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बायको उघड्या डोक्याने आणि मध्ये लेकरू, हे दृश्य माझ्या दवाखान्याच्या दारात रोज दिसते.

‘झोपेत गेला’ म्हणजे काय?

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटात दुखते म्हणतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि तासाभरात श्वास थांबतो. घरचे म्हणतात, अटॅक आला. हा मण्यारचा दंश असू शकतो. ती रात्री फिरते, चावल्यावर दुखत नाही, सूज येत नाही, खूणही जेमतेम दिसते. शवविच्छेदनात दरवेळी खूण सापडेलच असे नाही, पण शोधलीच नाही तर नक्कीच सापडणार नाही. आणि त्याच खोलीत आज रात्री बाकीचे पुन्हा जमिनीवरच अंथरूण टाकतील. खाट आणि नीट खोवलेली मच्छरदाणी एवढ्यानेही हा धोका खूप कमी होतो. पण कारण माहीत असेल तर ना!

ओल्या अंगणात कूलरला किंवा वॉशिंग मशीनला हात लागून गेलेल्या बाईचेही तसेच. अर्थिंग कुणी तपासत नाही, कारण ती ‘चक्कर येऊन पडली’ असे सगळ्यांनी ठरवलेले असते.

लाज कुणाची?

सगळ्यात जास्त लपवल्या जातात त्या आत्महत्या. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. सर्वाधिक आपल्या महाराष्ट्रात, २२,७४६. ही नोंद झालेली संख्या. “चुकून औषध प्यायला” म्हणून दडलेले त्याबाहेर.

हे आकडे का हवेत? श्रीलंकेचे उदाहरण घ्या. तिथे कीटकनाशकाने होणाऱ्या मृत्यूंच्या नोंदी पाहून, सर्वांत विषारी कीटकनाशकांवर १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने बंदी घातली गेली. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला. शेतीचे उत्पन्न घटले नाही. रागाच्या किंवा निराशेच्या एका घटकेत हाताशी जहाल विष नसेल, तर माणूस वाचतो आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे जगतात. आपल्याकडे मात्र व्हिसेराचा रिपोर्ट महिनोन्‌महिने अडकतो, आला की फाइलला लागतो, आणि फाइल बंद होते. कोणत्या तालुक्यात कोणते औषध, कोणत्या वळणावर किती डोकी फुटली, हे एकत्र करून आरोग्य, कृषी आणि बांधकाम खात्यांसमोर दरवर्षी मांडले का जात नाही? हा प्रश्न तुमच्या आमदारांना विचारा.

दोष माझ्या व्यवसायाचाही आहे. ओळखीखातर किंवा भिडेखातर ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे लिहून देणारे डॉक्टर आहेत. अहो, हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते! ती का पडली, ते लिहायचे असते. आणि नवविवाहितेचे भाजणे ‘स्टोव्हचा भडका’ म्हणून सोडून देणारा डॉक्टर तर न्यायाचीही वाट बंद करतो.

भीती काढून टाका

सरकारी रुग्णालयात पोलिसांमार्फत होणाऱ्या शवविच्छेदनाचे पैसे लागत नाहीत. नंतर शरीर टाके घालून, झाकून परत दिले जाते. अंत्यविधी रीतीप्रमाणे करता येतात. आणि व्यवहाराची गोष्ट सांगायची तर, अपघात विम्याला पंचनामा आणि हा अहवाल लागतो. सर्पदंशाने किंवा विजेच्या धक्क्याने शेतकरी गेला तर वारसांना शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून २ लाख रुपये मिळू शकतात. घाईने अंत्यविधी उरकून महिन्याने कागदांसाठी माझ्याकडे रडत येणारी घरे मी पाहिली आहेत.

तेव्हा एवढे करा:

• घरात अचानक, कारण न कळता मृत्यू झाला तर डॉक्टरांवर सर्टिफिकेटसाठी दबाव आणू नका. पोलिसांना कळवा.
• अहवालाची प्रत मागा आणि डॉक्टरांकडून समजून घ्या.
• गॅस गीझर बाथरूमबाहेर बसवा. अर्थिंग तपासा. फवारणीची औषधे कुलपात ठेवा.
• घरातले कुणी “जगून काय उपयोग” म्हणत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

त्या मुलाच्या काकांनी पुढे दोन महिन्यांनी सोसायटीतल्या सगळ्या घरांचे गीझर तपासून घेतले. माझ्याशी अजून ते फारसे बोलत नाहीत. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.