‘तोंड’ की ‘चेहरा’? बायबलच्या भाषेतील मुखाचे अर्थनिर्णयन

बायबलमध्ये मुखाचा उल्लेख आला, की मराठी वाचनात दोन ठराविक उत्तरे पुढे केली जातात. मुख ईश्वराचे असेल तर ते ‘मानवीकरण’ ठरते आणि त्याच्या जागी ‘कृपा’ किंवा ‘सान्निध्य’ असे अमूर्त पद बसवले जाते. मुख माणसाचे असेल तर तो अंतःकरणाचा आरसा ठरतो. या दोन्ही उत्तरांचे इमान मूळ संहितेशी नसून आधुनिक कादंबरीने लावलेल्या वाचनसवयींशी आहे.

हिब्रूतील ‘पानीम’ हा शब्द रूपाने बहुवचनी असून त्याचा संबंध ‘वळणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. ‘समोर’ या अर्थाचे ‘लिफ्ने’ हे पदही त्यातूनच घडले आहे. म्हणजे मुख ही येथे प्रथमतः मनाची बाह्य खूण नसून, कोण कोणाकडे वळले आणि कोणी कोणाकडे पाठ केली, याची नोंद आहे. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाचे मुख ‘पडते’. पुढे ईश्वराच्या बोलण्यात ‘उचलणे’ या अर्थाच्या धातूचे रूप येते. ‘काइन खिन्न झाला’ असे म्हणताच पडण्या-उचलण्याचा हा संवाद नाहीसा होतो. खिन्नता एकट्याची असू शकते. उतरलेले तोंड कोणाच्या तरी समोर उतरलेले असते.

मराठीला हे परके नाही. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. मराठी माणसाचा राग नाकाच्या शेंड्यावर बसतो. निर्गमच्या दहाव्या अध्यायात फारो मोशेला पुन्हा तोंड न दाखवण्याची ताकीद देतो. ही धमकी मराठीत टीपेशिवाय कळते.

चेहऱ्यावरून मन वाचण्याची हौस बायबल फारशी पुरवत नाही. एरिक आउएरबाख याने ‘मिमेसिस’मध्ये (1946) दाखवल्याप्रमाणे अब्राहामाच्या बलिदानकथेत व्यक्तींचे बाह्य वर्णन जवळजवळ नाही. जेथे रूप येते, तेथे ते सहसा निर्णयाच्या क्षणी येते. पहिल्या शमुवेलाच्या सोळाव्या अध्यायात अलियाबाचा बांधा पाहून शमुवेल फसतो. पण त्याच अध्यायात दाविदाच्या सुंदर डोळ्यांचा उल्लेखही आहे. तेव्हा ‘बाह्य खोटे, आंतरिक खरे’ हे सुटसुटीत सूत्र संहितेला मान्य नाही. तिचा प्रश्न, पाहणारा कोणत्या अधिकाराने पाहतो, हा आहे.

न्यायाच्या भाषेत हे सर्वांत स्पष्ट होते. ‘नासा पानीम’, म्हणजे मुख उचलणे, हा वाक्प्रयोग गणनाच्या सहाव्या अध्यायात आशीर्वाद आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात न्यायाधीशासाठी तोच निषिद्ध आहे, मग समोर गरीब का असेना. याचीच छाया नव्या करारातील ‘प्रोसोपोलेम्प्सिया’ या ग्रीक शब्दावर आहे. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा मिळते आणि मळक्या वस्त्रांतील गरिबाला उभे ठेवले जाते, ते या शब्दाचे उदाहरण म्हणून. 1611 च्या इंग्रजी भाषांतराने येथे ‘पर्सन’ शब्द योजला. त्याचे मूळ लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे मुखवटा, आणि ग्रीक ‘प्रोसोपोन’चाही एक अर्थ तोच. पुढे युजीन नायडा यांच्या समतुल्यतेच्या सिद्धांताने ‘अर्थ पोचला की पुरे’ असा दिलासा दिला. त्या दिलाशावर विसंबून ‘पक्षपात’ हा शब्द वापरला, की अर्थ पोचतो खरा. पण अंगठी आणि मळके वस्त्र पाहणारी नजर आरोपातून सुटते.

‘तोंड’ हा शब्द ग्राम्य आणि संदिग्ध आहे, तो चेहरा आणि वाचेचे इंद्रिय या दोहोंचा वाचक आहे, असा आक्षेप घेतला जातो. शिरोली एमआयडीसीत ओतकाम करणाऱ्या कामगाराची ‘भट्टीचे तोंड’ म्हणताना गफलत होत नाही आणि ‘तोंड बघून काम दिले’ म्हणतानाही होत नाही. दुसऱ्या वाक्यात तर लेवीयचा निषेध जवळजवळ शब्दशः उभा आहे. संदिग्धतेचा आक्षेपही उलटवता येतो. मोशेशी ईश्वर बोलतो ते निर्गममध्ये ‘पानीम एल पानीम’, मुखासमोर मुख. गणनाच्या बाराव्या अध्यायात ‘पेह एल पेह’, वाचेशी वाचा. हिब्रूने दोन शब्दांत मांडलेला पाहण्याचा आणि बोलण्याचा हा शेजार मराठीने एका शब्दात जपला आहे. फारसीतून आलेला ‘चेहरा’ दिसतो, पण बोलत नाही.

हा वाद केवळ कोशाचा नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम केडगावच्या मुक्तिसदनात अखेरपर्यंत चालवले. 1922 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर 1924 मध्ये ते प्रकाशित झाले. याच रमाबाईंनी 1887 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात विधवेला ‘अशुभ’ म्हणतात आणि ती आडवी आली तर पुरुष प्रवासाला निघायला कचरतो, हे नोंदवले होते. जिचे तोंड पाहू नये असे समाजाने ठरवले, अशी विधवा यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायाशी येते तेव्हा तेथे काय आहे? रूप नाही, शोभा नाही, आणि ज्याच्यापासून लोक तोंड लपवतात असा सेवक. ‘तिरस्कृत’ हा एक शब्द या साऱ्याच्या जागी ठेवला, तर करुणा शिल्लक राहते. आरोप राहत नाही. मूळ संहिता सेवकाच्या मुद्रेवरील दुःख वाचण्याआधी त्याच्याकडे न पाहणाऱ्यांची मुखे मोजते.

‘मुखा’विषयी लेव्हिनासचा दाखला देणाऱ्या समीक्षेने, ज्या भाषेत ती लिहिली जाते त्या भाषेतील ‘तोंड न पाहणे’ या क्रियेचा इतिहास आधी तपासावा. तो विधवेच्या, अस्पृश्याच्या आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या कामगाराच्या वाट्याला आलेला इतिहास आहे. ‘मुख’ म्हणजे ‘भाव’ असे समीकरण मांडणारे अर्थनिर्णयन त्या इतिहासाकडे पाठ करते, आणि बायबलच्या भाषेत पाठ करण्यालाही उत्तर द्यावे लागते.