चौतिसावा मुलगा

नोव्हेंबर उजाडला की मेलबर्नमधली फूटीची मैदानं ओस पडलेली असतात आणि फूटीवरच्या गप्पांना मात्र ऊत आलेला असतो. सामने सप्टेंबरअखेर संपलेले. तरी ट्रेनमध्ये, ऑफिसात चहाच्या वेळी, शाळेच्या फाटकाबाहेर विषय एकच: यंदा आपण कुठली मुलं घेणार? मुलं म्हणजे अक्षरशः मुलंच. सतरा-अठरा वर्षांची, बारावीची परीक्षा नुकतीच दिलेली. त्यांची नावं, उंची, वीस मीटर पळायला लागणारा वेळ, डावा पाय की उजवा, सगळं लोकांना तोंडपाठ असतं.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलमध्ये, म्हणजेच फूटीत, नवे खेळाडू ज्या पद्धतीने वाटले जातात, तिला ड्राफ्ट म्हणतात. १९८६ पासून ती चालू आहे. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबाने सर्वांत आधी मुलगा निवडायचा, मग त्याच्या वरच्याने, आणि विजेत्याची पाळी फेरीत शेवटची. हेतू असा की दुबळ्याला बळ मिळावं. कुठे खेळायचं हे मुलगा ठरवत नाही. पर्थच्या मुलाचं नाव मेलबर्नच्या क्लबाने पुकारलं, तर त्याने घरदार सोडून अडीच हजारांहून जास्त किलोमीटर दूर जायचं. आणि कितवं नाव पुकारलं गेलं, तो आकडा त्याला जन्मभर चिकटतो. पस्तिशीत निवृत्त होणाऱ्या खेळाडूचीही ओळख करून देताना लोक सांगतात, हा अमुक सालचा पहिला, हा सातवा, हा चौतिसावा.

मी मेलबर्न क्लबाची, लाल-निळ्यांची. अजिंक्य रहाणेने २०२० च्या डिसेंबरात ज्या एमसीजीवर ते अविस्मरणीय शतक ठोकलं, तेच मैदान हिवाळ्यात या क्लबाचं घर असतं. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचं अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी खेळाचे नियम कागदावर उतरले. इतका जुना हा क्लब. आणि १९६४ नंतर तब्बल ५७ वर्षं त्याने अजिंक्यपद पाहिलं नव्हतं. अशा क्लबाच्या चाहत्यांच्या तोंडी 'यंदाची पोरं' हा विषय नुसता गप्पांचा उरत नाही, त्यावर त्यांचा जीव टांगलेला असतो. म्हणूनच या वादात आपण भलत्याच गोष्टीचं वजन करत बसतो, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. मुलगा किती पाण्यात आहे हे आपण तासन् तास मोजतो. तो ज्या घरात जाणार, त्या घराची भिंत उभी आहे का, हे कुणी बघत नाही.

२००८ मध्ये पहिली निवड मेलबर्नची होती. जॅक वॉट्स की निक नाइटानुई, यावर शहरात दोन तट पडले. वॉट्स उंच, देखणा, दोन्ही पायांनी सफाईने किक मारणारा. नाइटानुई पर्थचा, फिजीयन आईबापांचा मुलगा, अशी उडी मारायचा की बघणाऱ्याने श्वास रोखावा. मेलबर्नने वॉट्सला घेतलं, नाइटानुई दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टकडे गेला. पुढची दहा वर्षं या दोन नावांचा ताळा मांडल्याशिवाय मेलबर्नच्या चाहत्यांचं जेवण पचत नसे.

वॉट्सचा पहिला सामना ८ जून २००९ चा, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीचा. समोर कॉलिंगवुड, मैदान एमसीजी. मुलगा अठरा वर्षांचा, अजून शाळेतच शिकत होता. चेंडू त्याच्या हातात येतो न येतो तोच कॉलिंगवुडच्या दांडग्या खेळाडूंनी त्याला घेरून भुईसपाट केलं. ते चित्रण इथे आजही दाखवतात. मला ते बघवत नाही. त्यात दिसतो तो वॉट्सचा कमकुवतपणा नव्हे. कच्च्या अंगाच्या मुलाला एवढ्या मोठ्या दिवशी सर्वांपुढे उभं करायची घाई कुणाची होती, हे त्यात दिसतं. क्लबाला तिकिटं खपवायची होती, आपल्याला आशा हवी होती, आणि दोन्हीचं ओझं एका शाळकरी मुलाने उचलायचं होतं.

त्याच वर्षी मेलबर्न पुन्हा तळाला गेलं. तेव्हाचा नियम असा होता की सलग दोन हंगाम अगदीच थोडे सामने जिंकले, तर एक निवड वाढवून मिळे. त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धात आपलाच संघ हरावा, असं मनात धरून स्टेडियमवर बसलेली माणसं होती. क्लबाने मुद्दाम सामने सोडले का, याची पुढे लीगने चौकशी केली. तसं सिद्ध झालं नाही, पण २०१३ मध्ये क्लबाला पाच लाख डॉलरचा दंड झाला आणि दोघांना शिक्षा. पैशांपेक्षा मला त्यातली दुसरीच गोष्ट खुपते. जिथे हरण्यात फायदा आहे असं वातावरण असतं, तिथे नव्या मुलाने जिंकायला शिकायचं कुणाकडून?

तर त्या २००९ च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्नला पहिल्या दोन्ही निवडी मिळाल्या. पहिला टॉम स्कली, दुसरा जॅक ट्रेंगोव्ह. आता सगळं पालटणार, अशी लोकांची खात्री होती. स्कली दोन हंगाम खेळला आणि नव्याने निघालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे निघून गेला. ट्रेंगोव्हला २०१२ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, संयुक्त कर्णधार केलं. पुढे पायाचं हाड दुखावलं आणि त्या दुखण्याने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. तिसऱ्या क्रमांकावर रिचमंडने घेतलेला डस्टिन मार्टिन मात्र पुढे अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक तीनदा जिंकणारा पहिला खेळाडू ठरला. विसाव्या क्रमांकावर फ्रीमँटलने उचललेल्या नॅट फाइफने हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा जिंकलं. ही नावं निघाली की मेलबर्नचा जुना चाहता डोक्याला हात लावतो: दोघंही आपल्याला मिळू शकत होते.

मी त्याला विचारते, मिळाले असते तर काय झालं असतं? ३० जुलै २०११ ला जिलॉंगमध्ये मेलबर्न १८६ गुणांनी हरलं. या खेळात गोलचे सहा गुण असतात, म्हणजे एकतीस गोलांचा फरक. इथे नुसतं '१८६' म्हटलं तरी लोकांना कळतं. दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक डीन बेली यांची नोकरी गेली. नंतरच्या प्रशिक्षकांनाही दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर नारळ मिळाला. अध्यक्ष जिम स्टाइन्स, आयर्लंडहून येऊन इथे ब्राउनलो जिंकलेला मोठ्या मनाचा माणूस, कर्करोगाशी झुंजत क्लबाचं कर्ज फेडत होते, तेही २०१२ मध्ये गेले. २०१३ च्या अख्ख्या हंगामात दोन विजय. त्या घरात मार्टिन आला असता तर मार्टिन झाला असता का? मला नाही वाटत. कदाचित आज आपण त्याच्याही नावाने बोटं मोडत असतो.

माझा एक मित्र आहे, निवृत्त सुतार, या क्लबाचा पन्नास-साठ वर्षांचा सभासद. आमची ओळख झाली क्रॅनबर्नच्या केसी फील्ड्सवर. क्लबाचा दुसरा संघ, म्हणजे वरच्या संघात जागा न मिळालेली मुलं, तिथे खेळतात. मोकळं माळरान, दक्षिणेकडून येणारा वारा हाडं गोठवतो. लोक गाड्यांत बसून सामना बघतात, गोल झाला की हॉर्न वाजवतात. हा गृहस्थ मात्र कुंपणाला रेलून उभा असतो, मान गळपट्ट्यात. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याची नजर अलीकडेच खिळलेली असते. एकदा विचारलं तेव्हा कळलं, तो ज्या मुलाकडून चूक झाली त्याच्याकडे बघत असतो. हातातला झेल सुटला, समोर गोल असताना किक पोस्टवर आदळली, की पुढच्या अर्ध्या मिनिटात त्या मुलाजवळ कोण जातं? कुणी खांद्यावर हात ठेवतो का, की सगळे पाठ फिरवून आपापल्या जागी जातात? त्यावरून तो सांगतो की मुलं पुढे जातील की नाही. तेव्हापासून मीही तेच बघते. वाईट वर्षांत पाठी फिरायच्या, असं तो म्हणतो. पॉल रूस प्रशिक्षक म्हणून आले आणि दोनेक हंगामांत खांद्यावर हात दिसू लागले.

याच कुंपणाशी त्याने मॅक्स गॉनला पाहिलं होतं. स्कली आणि ट्रेंगोव्ह ज्या ड्राफ्टमध्ये आले, त्यातच चौतिसाव्या क्रमांकावर मेलबर्नने हा ताडमाड मुलगा घेतला होता. उंची २०८ सेंटीमीटर, काम रकचं. रक म्हणजे पंचांनी चेंडू वर उडवला की प्रतिस्पर्ध्यापेक्षा उंच उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा. हे काम अंगात मुरायला वर्षं जातात, कारण समोरचा तिशीतला, शंभर किलोंचा असतो. गॉनचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाल्या. सुरुवातीची वर्षं बरा होणं, दुसऱ्या संघात खेळणं आणि पुन्हा दुखावणं यांतच गेली. याचं काही खरं नाही, सोडा याला, असं तेव्हा कितीतरी चाहते म्हणत. २०१६ मध्ये, म्हणजे निवडीनंतर सातव्या वर्षी, त्याची लीगच्या सर्वोत्तम संघात निवड झाली. २०२० मध्ये तो कर्णधार झाला.

२०२१ च्या ऑगस्टात साखळीतला शेवटचा सामना त्याच जिलॉंगच्या मैदानावर होता, जिथे १८६ घडलं होतं. मेलबर्न ४४ गुणांनी मागे पडलं आणि तिथून परत आलं. वेळ संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा चेंडू गॉनच्या हातात होता. त्याने किक मारली, गोल झाला, चार गुणांनी विजय, साखळीत पहिला क्रमांक. सप्टेंबरात पर्थला अंतिम सामना ७४ गुणांनी जिंकला. नॉर्म स्मिथ पदक मिळालं क्रिस्टियन पेट्राकाला. तो २०१४ चा दुसऱ्या क्रमांकाचा मुलगा, आणि त्याचाही पहिला अख्खा हंगाम गुडघ्याच्या दुखापतीत वाया गेला होता. त्या वेळी मेलबर्नमध्ये लॉकडाउन होता. ५७ वर्षं वाट पाहिलेल्या बहुतेकांनी तो सामना घरातल्या सोफ्यावर बसून पाहिला, माझ्या मित्रानेही.

वॉट्स तेव्हा संघात नव्हता. २०१७ च्या जूनमध्ये, पुन्हा राणीच्या वाढदिवसाला, पुन्हा कॉलिंगवुडसमोर, शेवटच्या मिनिटांत त्याच्याच गोलने मेलबर्नने सामना चार गुणांनी जिंकला. त्या दिवशी एमसीजीवर जो आवाज झाला, त्यात लोक त्याला किती वर्षं घालून पाडून बोलले याची टोचणीही होती, असं मला वाटतं. त्याच वर्षअखेर क्लबाने त्याला पोर्ट ॲडलेडला दिलं. या क्लबासाठी तो दीडशेहून अधिक सामने खेळला. तरी गप्पांत त्याचं नाव 'फुकट गेलेला पहिला' म्हणूनच येतं. हा अन्याय आहे, आणि तो आपण चाहत्यांनी केला आहे.

टॉम बॉइडचं उदाहरण तर याहून गंभीर आहे. २०१३ चा पहिला. वर्षभरातच वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला सात वर्षांचा मोठा करार देऊन आणलं, आणि दर आठवड्याला त्याच्या पगाराला त्याच्या गोलांनी भागणं सुरू झालं. २०१६ च्या अंतिम सामन्यात त्याने तीन गोल केले, बुलडॉग्जनी ६२ वर्षांनी अजिंक्यपद मिळवलं. २०१९ मध्ये, वय अवघं २३ असताना, मनाची उभारी राहिली नाही असं मोकळेपणाने सांगून तो खेळातून बाहेर पडला. हिशेब मांडणाऱ्यांच्या मते तो करार वसूल झाला की नाही, यावर अजून एकमत नाही.

आता मेलबर्नमध्ये नवी खेप आहे. २०२३ मध्ये सातव्या क्रमांकावर आलेला केलेब विंडसर, २०२४ चे हार्वी लँगफर्ड आणि झेवियर लिंडसे, सहावा आणि अकरावा. विंडसरचा वेग वाऱ्याचा, पण त्याला मध्यावर खेळवायचं की कडेला, यावर माझ्या ट्रेनच्या डब्यात दोन पक्ष आहेत. लँगफर्ड अंगाने भरलेला, म्हणून त्याच्याकडून लोकांना सगळं आत्ताच हवं आहे. मीही या वादात हिरिरीने पडते. मुलांच्या खेळाची चर्चा करू नये, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्या क्लबाच्या पोरांबद्दल लोक बोलत नाहीत, तो क्लब मेलेला असतो.

मला बदलून हवा आहे तो वयाचा नियम. वर्षअखेर अठरा पूर्ण होणाऱ्या मुलाला ड्राफ्टमध्ये उभं राहता येतं, म्हणून काहींची निवड सतराव्या वर्षीच होते. ही मर्यादा एका वर्षाने वाढवावी. मुलाची शाळा निवांत पूर्ण होईल, आईच्या हातचं एक वर्ष जास्त मिळेल, हाडं भरतील, आणि निवडणाऱ्यांनाही शाळेच्या सामन्यांपेक्षा मोठ्या माणसांत तो कसा खेळतो हे बघता येईल. सुताराला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, तयार मुलाला का अडवायचं? कॉलिंगवुडचा निक डेकॉस पहिल्याच हंगामात कसा खेळला ते तू पाहिलंस ना? पाहिलं. पण डेकॉस ज्या घरात गेला, तिथे त्याचा बाप खेळून गेला होता, आणि थोरला भाऊ आधीपासून संघात होता. चुकल्यावर त्याच्याजवळ कोण जाईल हा प्रश्नच नव्हता. यावर सुतार काहीतरी बोलणार तेवढ्यात समोर आमच्या एका पोराने सोपा झेल सोडला, आणि आम्ही दोघंही बोलणं थांबवून बघायला लागलो.